एमेटच्या आईबद्दल सांगितले जाते ते

२८ ऑगस्ट १९५५ची पहाट. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातल्या मनी नावाच्या खेड्याजवळ एका घरात दोन गोरे पुरुष पिस्तूल आणि बॅटरी घेऊन शिरले आणि गाढ झोपेतल्या चौदा वर्षांच्या एमेट टिलला उठवून घेऊन गेले. तीन दिवसांनी त्याचा मृतदेह टॅलाहाची नदीत सापडला. कापसाच्या जिनिंगमधला तीसेक किलोचा लोखंडी पंखा काटेरी तारेने त्याच्या गळ्याला बांधलेला होता. एमेट शिकागोचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत आईच्या मावशीकडे आला होता. आई मेमी तेव्हा ३३ वर्षांच्या होत्या, शिकागोत हवाई दलाच्या कार्यालयात कारकून होत्या आणि एमेट त्यांचा एकुलता एक मुलगा होता.

मराठी वाचकाला अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्याची ओळख आहे. मार्टिन ल्यूथर किंग आणि रोझा पार्क्स ही नावे शाळेपासून कानावर असतात, आणि १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने आपले नाव तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतले, हेही ठाऊक असते. मेमी टिल-मोब्ली यांचे नाव मात्र आले तर एका छायाचित्रापुरते येते, आणि त्याला चिकटून अनेक समजुती येतात. त्यांतल्या काही मुद्दाम पसरवल्या गेल्या, काही चाहत्यांनी भाबडेपणाने वाढवल्या. दोन्ही प्रकारच्या समजुती तपासल्या पाहिजेत.

"पोराने काहीतरी केले असणारच. उगाच कोणी कोणाला मारत नाही."

ही समजूत सर्वांत चिवट आहे, कारण ती ऐकणाऱ्याला धीर देते. मुलाने आगळीक केली असेल तर आपल्या मुलांना नीट वागायला शिकवले की ती सुरक्षित राहतील, असे मनाला वाटते. कसलेच कारण नव्हते हे मान्य केले तर तो आधारही जातो. म्हणून चांगली माणसेही या समजुतीला धरून राहतात. आता जे माहीत आहे ते पाहू. २४ ऑगस्टच्या संध्याकाळी एमेट आणि त्याची नात्यातली भावंडे मनीतल्या ब्रायंट यांच्या किराणा दुकानात गेली. गल्ल्यावर २१ वर्षांची कॅरोलिन ब्रायंट होती. एमेट तिच्यासमोर एकटा होता तो जेमतेम मिनिटभर. खटल्यात कॅरोलिनने, ज्यूरीला बाहेर पाठवलेले असताना, त्याने आपला हात धरला, कमरेला धरले आणि अश्लील बोलला असे सांगितले. पण बचाव पक्षाच्या वकिलाने सप्टेंबरच्या सुरुवातीला तिची हकिकत टिपून घेतली होती. त्या टिपणात कमरेला धरल्याचा उल्लेखच नाही. म्हणजे खटला उभा राहीपर्यंत आरोप वाढत गेला होता. सोबत असलेले नात्यातले भाऊ व्हीलर पार्कर आणि सिमियन राइट यांनी पुढे आयुष्यभर एकच सांगितले: दुकानाबाहेर आल्यावर एमेटने शिट्टी वाजवली, ती ऐकून बाकीची पोरे भीतीने गाडीकडे पळाली, आणि कोणी त्याच्याशी पैजबिज लावलेली नव्हती. मेमी यांचे म्हणणे वेगळे होते. लहानपणीच्या पोलिओनंतर एमेट अडखळत बोलायचा, आणि शब्द अडकला की शिट्टी वाजवून तो मोकळा करायला त्यांनीच त्याला शिकवले होते. आईचे आणि भावांचे सांगणे जुळत नाही. ते जुळवून दाखवण्याची गरजही नाही. शिट्टी वाजली की नाही यावर पानेच्या पाने वाद घालणे म्हणजे, वाजली असती तर मारणे समजण्यासारखे होते, हे न बोलता कबूल करणे आहे.

याच जागी उलट बाजूची एक अफवाही उभी आहे. कॅरोलिनने म्हातारपणी सगळे खोटे असल्याचे कबूल केले, असे बिनदिक्कत सांगितले जाते. २०१७ साली आलेल्या एका पुस्तकात तसा दावा होता. अमेरिकेच्या न्याय खात्याने त्याची चौकशी केली आणि तिने साक्ष मागे घेतल्याचे सिद्ध करण्याइतका पुरावा नाही, असे म्हणून डिसेंबर २०२१ मध्ये ती बंद केली. तिची साक्ष अविश्वसनीय होती, हे दाखवायला वकिलाचे ते जुने टिपण पुरेसे आहे. न झालेल्या कबुलीची त्यात भर घालू नये.

"आईने त्याला तिकडची रीत शिकवली नव्हती. शहरातले लाडावलेले पोर."

शिकागोत वाढलेल्या मुलाला दक्षिणेतल्या धोक्याची कल्पना नसणार, हे ऐकायला पटते. पण मेमी यांचा जन्मच मिसिसिपीतल्या वेब गावचा, १९२१चा. त्या दोन वर्षांच्या असताना कुटुंब तिथून निघाले आणि शिकागोजवळच्या आर्गो या कारखान्याच्या गावात आले. वडील मक्यापासून स्टार्च बनवणाऱ्या कारखान्यात लागले. दक्षिणेतून उत्तरेकडे गेलेल्या लाखो कृष्णवर्णीय कुटुंबांपैकी ते एक. आर्गोतल्या त्यांच्या घरी मिसिसिपीहून नव्याने येणाऱ्यांची सतत ये-जा असे. आपण कशापासून निघून आलो हे या घरात कोणाला सांगावे लागत नव्हते. एमेटला पाठवायला मेमी मुळात तयार नव्हत्या. त्यांना त्याला घेऊन मोटारीने नेब्रास्काला जायचे होते. मुलाने हट्ट धरला, मावशीचे यजमान मोझ राइट यांनी सांभाळण्याचा शब्द दिला, तेव्हा त्या राजी झाल्या. निघण्यापूर्वी त्यांनी त्याला बजावले होते: गोऱ्यांशी 'हो साहेब', 'नाही बाईसाहेब' असेच बोलायचे, गोरी बाई समोरून आली तर रस्ता सोडून खाली उतरायचे, आणि वेळ आलीच तर गुडघे टेकून माफी मागायची. हे त्यांनी पुढे कोर्टातही शपथेवर सांगितले. चौदा वर्षांच्या मुलाला कोणत्याही आईने असले धडे द्यावे लागणे हीच मुळात लाजिरवाणी गोष्ट आहे. इथे ते धडे दिलेले होते, आणि त्यांनी मूल वाचले नाही. २० ऑगस्टला स्टेशनवर एमेटने आपले मनगटी घड्याळ आईकडे दिले आणि वडिलांची अंगठी मात्र बोटात ठेवली. ती अंगठी पुढे पुरावा झाली.

"दोन माथेफिरूंनी केलेला खून. त्यात साऱ्या व्यवस्थेला कशाला ओढायचे?"

गुन्हा माणसे करतात, व्यवस्था नाही, हा युक्तिवाद सरळ वाटतो. रॉय ब्रायंट आणि त्याचा सावत्रभाऊ जे. डब्ल्यू. मायलम यांना अटक झाली, खटला चालला, म्हणजे कायद्याने आपले काम केले असे दिसतेही. पण समनर गावच्या त्या कोर्टात १९ ते २३ सप्टेंबर १९५५ या पाच दिवसांत काय घडले ते पाहावे. ज्यूरीत बारा जण होते आणि बाराही गोरे पुरुष होते. टॅलाहाची काउंटीत बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय होते. पण ज्यूरर नोंदणीकृत मतदारांतून निवडले जात, आणि मतदारयादीत एकही कृष्णवर्णीय नव्हता. बायकांना तर मिसिसिपीत १९६८पर्यंत ज्यूरीत बसताच येत नव्हते. गावातले पाचही वकील आरोपींच्या बाजूने उभे राहिले. पुरावे गोळा करणे ज्याचे काम, तो शेरीफ स्ट्रायडर बचाव पक्षाचा साक्षीदार झाला. ज्यूरीने ६७ मिनिटांत दोघांना निर्दोष ठरवले.

मतदारयादी अशी कोरी कशी राहिली, याचे उत्तर मराठी वाचकाने आवर्जून समजून घ्यावे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या ज्या सज्जनांना अर्पण केले, त्यांनी दासांना गुलामगिरीतून सोडवले होते. तो काळ खरोखरच आशेचा होता. मिसिसिपीतले कृष्णवर्णीय पुरुष तेव्हा मतदान करत होते, आणि हायरम रेव्हेल्स हे त्याच राज्यातून १८७० साली अमेरिकेच्या सिनेटमध्ये गेलेले पहिले कृष्णवर्णीय सदस्य होते. पण मिसिसिपीच्या १८९०च्या राज्यघटनेने मतदानासाठी कर लावला आणि घटनेचे कलम वाचून समजावून सांगण्याची अट घातली. उत्तर बरोबर की चूक हे गोरा कारकून ठरवणार. फुल्यांनी ज्या मुक्तीला वंदन केले, ती अशा कागदी मार्गाने काढून घेतली गेली. समनरच्या ज्यूरीच्या खुर्च्या १९५५ साली ज्या नियमाने भरल्या गेल्या, तो ६५ वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेला होता. दोन माथेफिरू सुटतील याची तजवीज त्यांच्या जन्माआधी झाली होती.

"शवपेटी उघडी ठेवणे हा दुःखाच्या भरातला अविचार होता."

मेलेल्या मुलाचा विद्रूप चेहरा जगाला दाखवावा, हे कोणत्याही आईला सहज सुचणार नाही. म्हणून हा निर्णय शोकाने भान हरपल्यामुळे घेतला गेला किंवा कोणीतरी घ्यायला लावला, असे वाटते. घटनाक्रम मात्र एका शांत डोक्याच्या बाईचा आहे. मृतदेह सापडला त्याच दिवशी तो मिसिसिपीतच पुरून टाकण्याची घाई झाली. मनीजवळ खड्डाही खणला गेला. मेमी यांनी शिकागोहून फोनामागून फोन केले आणि ते थांबवले. २ सप्टेंबरला शवपेटी रेल्वेने शिकागोत आली ती मोहोरबंद. ती उघडायची नाही, असे मिसिसिपीच्या अधिकाऱ्यांनी कागदावर लिहून घेतले होते आणि शिकागोचे अंत्यविधी व्यावसायिक ए. ए. रेनर यांनीही त्यावर सही केली होती. मेमी म्हणाल्या की सही माझी नाही, तुम्हाला उघडता येत नसेल तर हातोडी द्या, मी उघडते.

पेटी उघडल्यावर त्यांनी सुरुवात चेहऱ्यापासून केली नाही. पायांपासून केली. घोटे ओळखले, मग गुडघे, आणि मग हळूहळू वर जात चेहऱ्यापर्यंत आल्या. ज्या दातांचा त्यांना अभिमान वाटे त्यांतले थोडेच उरले होते. एक डोळा जागेवर नव्हता. दुसऱ्या डोळ्याचा रंग त्यांनी पाहिला, नाकाचा आकार पाहिला, कानाची पाळी पाहिली. कानामागून आरपार उजेड दिसत होता, आणि तिथून गोळी गेली असावी हे त्यांना तिथेच कळले. हा सगळा तपशील त्यांनी नंतर अनेकदा सांगितला, आणि ज्या क्रमाने पाहिला त्याच क्रमाने सांगितला. शोकाचे वर्णन असे नसते. पुढे कोणीतरी 'हा तुमचा मुलगा कशावरून' असे विचारणार, याची ज्याला खात्री असते त्याचे पाहणे असे असते.

चेहरा जरा सावरू का, असे रेनर यांनी विचारले. मेमी यांनी नको म्हटले. पेटीवर काच बसवली गेली, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला आदल्या नाताळातली एमेटची छायाचित्रे लावली गेली. एक हॅट घातलेले आणि एक आईबरोबरचे. जो आला त्याला हसणारा मुलगा आणि त्याचे केलेले हाल एकाच नजरेत दिसले. ३ सप्टेंबरपासून शिकागोच्या स्टेट स्ट्रीटवरच्या रॉबर्ट्स टेम्पल चर्चमध्ये रांगा लागल्या. किती लोक आले याचे अंदाज वेगवेगळे असले तरी ते काही दहा हजारांच्या खाली येत नाहीत. डेव्हिड जॅक्सन यांनी काढलेले छायाचित्र 'जेट' या कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकाने १५ सप्टेंबरच्या अंकात छापले. गोऱ्यांच्या मोठ्या वृत्तपत्रांनी ते छापले नाही.

आणखी एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. असा निर्णय घेणाऱ्या मेमी पहिल्या नव्हत्या. त्याच वर्षी ७ मे रोजी मिसिसिपीतल्या बेल्झोनीत कृष्णवर्णीयांची मतदारनोंदणी करणारे धर्मोपदेशक जॉर्ज ली यांना गोळ्या घालून मारले गेले, आणि त्यांच्या पत्नी रोझबड ली यांनीही शवपेटी उघडीच ठेवली होती. ली यांचा मृत्यू मोटार अपघाताने झाला, असे स्थानिक शेरीफ सांगत होता. ज्यांच्याकडून पोलीस, न्यायवैद्यक आणि वृत्तपत्रे असे सगळे काढून घेतले आहे, त्यांच्या हातात मृतदेह हा एकच दस्तऐवज उरतो. रोझबड ली आणि मेमी टिल या दोघींनाही ते कळले होते.

"तो मृतदेह एमेटचा नव्हताच."

ही शंका बचाव पक्षाने कोर्टात मांडली. मृतदेह ओळखण्यापलीकडचा होता, त्यामुळे ऐकणाऱ्याला ती अगदीच असंभव वाटली नाही. एवढ्या दिवसांत शरीर इतके खराब होत नाही, असे शेरीफ स्ट्रायडरने शपथेवर सांगितले. एमेट कुठेतरी जिवंत असून हा बनाव आहे, अशी कुजबूज सुरू झाली. मेमी यांनी साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून मुलगा कसा ओळखला ते सांगितले. बोटातल्या अंगठीवर 'एल. टी.' ही वडिलांची आद्याक्षरे आणि २५ मे १९४३ ही तारीख कोरलेली होती. उलटतपासणीत त्यांना काय विचारले गेले? मुलाचा विमा उतरवला होता का, आणि शिकागोतले कृष्णवर्णीयांचे कोणते वर्तमानपत्र वाचता. १ जून २००५ रोजी थडगे उघडून डीएनए तपासणी झाली. मृतदेह एमेटचाच होता, आणि कवटीत गोळीचे तुकडे मिळाले. आईने पन्नास वर्षांपूर्वी सांगितलेले अक्षरशः खरे ठरले.

"बाप तसा, लेक तसा."

ऑक्टोबर १९५५ मध्ये एमेटच्या वडिलांची, लुई टिल यांची, लष्करी कागदपत्रे वृत्तपत्रांच्या हाती लागली. बलात्कार आणि खुनाच्या आरोपावरून त्यांना अमेरिकी सैन्याने १९४५ साली इटलीत फाशी दिली होती. ही माहिती खरी होती आणि म्हणूनच तिचा परिणाम झाला. पण ती कोणी आणि कधी बाहेर काढली? मिसिसिपीचे सिनेटर ईस्टलंड आणि स्टेनिस यांच्याकडून ती बाहेर पडली, आणि तीही अपहरणाचा आरोप, खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या ग्रँड ज्यूरीपुढे जायच्या तोंडावर. दोघा आरोपींनी एमेटला घरातून नेल्याचे स्वतः मान्य केलेले असूनही, नोव्हेंबरमध्ये ग्रँड ज्यूरीने अपहरणाचा आरोपसुद्धा ठेवायला नकार दिला. मेमी हिंसक नवऱ्यापासून एमेट लहान असतानाच वेगळ्या झाल्या होत्या. नवरा गेल्याचे सैन्याने कळवले, तेव्हा त्यांना मोघम शब्दांत गैरवर्तनाचे कारण दिले होते. त्यांनी विचारणा केली, उत्तर आले नाही. जे विधवेला दहा वर्षे सांगितले नाही, ते तिचे तोंड बंद करायला वर्तमानपत्राला दिले. वडिलांना ज्याने फारसे पाहिलेही नाही, त्या मुलाचा स्वभाव रक्तातून आला, हा तर्क वंशद्वेषाचाच आहे. गोऱ्या मारेकऱ्यांच्या वडिलांविषयी कोणी चौकशी केली नाही.

"मिसिसिपीतले कृष्णवर्णीय भीतीने गप्प बसले. बोलली ती उत्तरेतली आई."

मेमी यांचे मोठेपण सांगताना ही चूक होते. ६४ वर्षांचे मोझ राइट बटाईने कापूस पिकवत आणि चर्चमध्ये उपदेश करत. गोऱ्यांनी भरलेल्या त्या कोर्टात ते उभे राहिले आणि हात लांब करून मायलमकडे बोट दाखवले. तिथे कॅमेऱ्याला बंदी असताना अर्नेस्ट विदर्स यांनी तो क्षण टिपला. १८ वर्षांच्या विली रीड याने त्या पहाटे ट्रकच्या मागच्या भागात एमेटला पाहिले होते आणि नंतर एका गोठ्यातून मारहाणीचा आवाज व ओरडणे ऐकले होते. तेही त्याने कोर्टात सांगितले. मोझ राइट यांनी उभे पीक सोडून मिसिसिपी सोडले. विली रीडला शिकागोत रुग्णालयात दाखल करावे लागले. त्याने नाव बदलले आणि पुढे कित्येक वर्षे बायकोलाही काही सांगितले नाही. तरीही नोव्हेंबरच्या ग्रँड ज्यूरीपुढे साक्ष द्यायला हे दोघे परत मिसिसिपीत गेले. मेमी यांना रोज संरक्षणात कोर्टात नेले-आणले जाई आणि खटल्यानंतर त्यांना परतायला शिकागो होते. राइट आणि रीड यांचे घरच तिथे होते.

"खुन्यांनी नियतकालिकातून सगळे खरे सांगून टाकले."

एकदा निर्दोष सुटल्यावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला होत नाही. त्या जोरावर ब्रायंट आणि मायलम यांनी पैसे घेऊन पत्रकार विल्यम ब्रॅडफर्ड ह्यूई यांना आपण खून केल्याचे सांगितले, आणि 'लुक' पाक्षिकाच्या २४ जानेवारी १९५६च्या अंकात ते छापून आले. गुन्हेगाराची कबुली म्हणजे अंतिम सत्य, असे आपण धरून चालतो. म्हणून पुढची पन्नास वर्षे इतिहासाच्या पुस्तकांत हीच हकिकत उतरत राहिली. पण ती कबुली सोयीची होती. फक्त दोघांची नावे आली, कारण त्या दोघांना आता धोका नव्हता. इतर साथीदारांवर खटला होऊ शकत होता, म्हणून ते गाळले गेले. विली रीडने सांगितलेला गोठा दुसऱ्या काउंटीत, मायलमच्या भावाच्या ताब्यातल्या शेतावर होता. तोही गायब झाला. एमेट शेवटपर्यंत उर्मटपणे उत्तरे देत होता, अशी चित्रेही त्यात रंगवली. ती खुन्यांच्या तोंडची आहेत, त्याला दुसरा साक्षीदार नाही. २००४ नंतरच्या एफबीआयच्या तपासात रीडच्या साक्षीला बळ मिळाले. कोर्टात शपथेवर बोललेला अठरा वर्षांचा मुलगा बाजूला पडला आणि पैसे घेऊन बोललेले खुनी प्रमाण मानले गेले.

"त्या एका छायाचित्रातून नागरी हक्कांची चळवळ जन्मली."

हे कौतुकापोटी म्हटले जाते, आणि तारखा जवळजवळच्या असल्यामुळे पटतेही. रोझा पार्क्स यांनी १ डिसेंबर १९५५ला माँटगोमरीच्या बसमध्ये जागा सोडली नाही. त्याच्या चारच दिवस आधी त्या गावातल्या एका चर्चमध्ये त्यांनी डॉ. टी. आर. एम. हॉवर्ड यांच्याकडून एमेटची हकिकत ऐकली होती. हॉवर्ड म्हणजे खटल्याच्या काळात मेमी यांना आसरा देणारे मिसिसिपीतले डॉक्टर. पण माँटगोमरीत बसबहिष्काराचा इशारा जो ॲन रॉबिन्सन यांनी मे १९५४ मध्येच महापौरांना पत्राने दिला होता. मार्च १९५५ मध्ये पंधरा वर्षांच्या क्लॉडेट कोल्व्हिनला बसमधून ओढून अटक झाली होती. चळवळ आधीपासून होती. मेमी यांच्या निर्णयाने तिच्यात एक वयोगट आला. एमेटच्या आसपासच्या वयाची हजारो मुले ते 'जेट' हातात घेऊन मोठी झाली आणि पाच वर्षांनी हॉटेलांच्या काउंटरवर सत्याग्रह करायला बसली. पुढे या चळवळीचे नेते झालेले जॉन लुईस तेव्हा पंधरा वर्षांचे होते. एमेटच्या जागी आपण असू शकलो असतो, हे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले.

"मुलाच्या मरणाचा त्यांनी पैसा केला."

१९५५च्या शरद ऋतूत मेमी गावोगाव बोलल्या. सभा भरून वाहत होत्या आणि कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेकडे निधीचा ओघ लागला. नोव्हेंबरमध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या दौऱ्यासाठी त्यांनी ५,००० डॉलर मानधन मागितले. संघटनेचे प्रमुख रॉय विल्किन्स यांनी दौरा रद्द केला आणि त्यांच्या जागी मोझ राइट यांना नेले. शोकाकुल आईने पैशाचा विषय काढावा हे कानाला खटकते, म्हणून आरोप चिकटला. पण त्या नोकरीवर जाऊ शकत नव्हत्या आणि घरभाडे, प्रवास, सगळा खर्च चालूच होता. त्या सभांचे आयोजक पगारी होते, वार्ताहर पगारी होते. फक्त जिचे मूल गेले तिने फुकट बोलावे, ही अपेक्षा नीट तपासली तर तिच्यात आदर सापडत नाही.

शिवाय त्यानंतर त्यांनी काय केले हे पाहिल्यावर आरोपात काही उरत नाही. १९५६ साली, वयाच्या पस्तिशीत, त्यांनी शिकागोच्या शिक्षक महाविद्यालयात नाव घातले. १९६० साली गुणवत्तेसह पदवी घेतली. शिकागोच्या सरकारी शाळांत त्यांनी २३ वर्षे शिकवले, मधल्या काळात लोयोला विद्यापीठातून पदव्युत्तर पदवीही मिळवली. १९७३ साली त्यांनी मुलांचे 'एमेट टिल प्लेयर्स' हे पथक उभे केले. ही मुले मार्टिन ल्यूथर किंग यांची भाषणे तोंडपाठ करून ठिकठिकाणी सादर करत. छायाचित्रातली रडणारी बाई एवढीच मेमी टिल-मोब्ली यांची ओळख ठेवणारे त्यांच्या आयुष्याची पुढची ४७ वर्षे वगळतात.

"उशिरा का होईना, न्याय झाला."

अलीकडच्या बातम्या पाहिल्या की असे वाटणे स्वाभाविक आहे. २९ मार्च २०२२ला लिंचिंगला केंद्रीय गुन्हा ठरवणारा, एमेटच्या नावाचा कायदा झाला. तसले पहिले विधेयक १९०० साली काँग्रेसमध्ये आले होते. २५ जुलै २०२३ला, एमेटच्या ८२व्या जन्मदिनी, माय-लेकांच्या नावाने राष्ट्रीय स्मारक जाहीर झाले. ती मूळ शवपेटी आता वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. हे सन्मान आहेत. त्यांना न्याय म्हणता येत नाही. मायलम १९८० साली मेला, ब्रायंट १९९४ साली, दोघेही मोकळे. खटला पुन्हा उघडावा म्हणून मेमी शेवटपर्यंत झटत होत्या. ६ जानेवारी २००३ रोजी, ८१व्या वर्षी, त्या गेल्या, आणि तपास पुन्हा सुरू झाला तो २००४ साली. २००७ साली ग्रँड ज्यूरीने कॅरोलिनवर आरोप ठेवायला नकार दिला. जून २०२२ मध्ये लेफ्लोर काउंटीच्या कोर्टाच्या तळघरात एका खोक्यात तिच्या अटकेचे वॉरंट सापडले. तारीख २९ ऑगस्ट १९५५, म्हणजे मृतदेह सापडण्याच्याही दोन दिवस आधीची. ते बजावलेच गेले नव्हते. ऑगस्ट २०२२ मध्ये आणखी एका ग्रँड ज्यूरीने पुरावा अपुरा ठरवला, आणि एप्रिल २०२३ मध्ये ती वयाच्या ८८व्या वर्षी मरण पावली. मृतदेह जिथे काढला असे मानतात, त्या नदीकाठी लावलेल्या फलकावर इतक्या वेळा गोळ्या झाडल्या गेल्या की २०१९ साली तिथे गोळी न भेदणारा पोलादी फलक बसवावा लागला. एमेट टिलच्या खुनाबद्दल आजपर्यंत एकाही व्यक्तीला शिक्षा झालेली नाही.